रस्ते सुरक्षेसाठी खासदार संसदेत नेमकं काय करू शकतो?

संसदेतला कोणताही खासदार अर्थसंकल्पात स्वतःच्या बळावर एक रुपयाही वाढवू शकत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ११३ प्रमाणे लोकसभा सरकारने ठेवलेली मागणी (एखाद्या मंत्रालयाच्या वर्षभराच्या खर्चाची) मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा रक्कम कमी करून मंजूर करू शकते. रक्कम वाढवण्याची सोय त्यात नाही. शिवाय राष्ट्रपतींच्या, म्हणजे प्रत्यक्षात सरकारच्या शिफारशीशिवाय मागणी सभागृहापुढे येतच नाही. त्यामुळे ‘आमच्या खासदारांनी भाषणात उड्डाणपूल मागितला, मग बजेटमध्ये का आला नाही?’ या प्रश्नाचं साधं उत्तर असं, की भाषण केल्याने तरतूद होत नसते.

मग चर्चेचा उपयोग काय? सभागृहात बोललेलं आणि सरकारने दिलेलं उत्तर कायमचं नोंदलं जातं. त्या उत्तराला मंत्रालय बांधील असतं. एखाद्या ठिकाणाबद्दल मंत्र्याने तारीख दिली, तर ती पुढच्या अधिवेशनात पुन्हा समोर ठेवता येते. नेमका मुद्दा योग्य आयुधातून, म्हणजे प्रश्न, सूचना अशा संसदीय साधनातून, मांडून वर्षभर त्याचा पिच्छा पुरवणारा खासदार मोठ्या आवाजात बोलणाऱ्यापेक्षा जास्त काम करून घेतो. त्यासाठी ही आयुधं कोणती आणि ती कुठे अडतात, हे समजून घ्यावं लागतं.

अर्थसंकल्पाच्या चर्चेचे टप्पे

२०१७ पासून अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला मांडला जातो. लोकसभेच्या निवडणुकीच्या वर्षी त्या वेळी फक्त अंतरिम अर्थसंकल्प आणि लेखानुदान, म्हणजे काही महिन्यांच्या खर्चाची तात्पुरती मंजुरी, येतं. पूर्ण अर्थसंकल्प नवं सरकार मांडतं. त्यानंतर दोन्ही सभागृहांत सर्वसाधारण चर्चा होते. या टप्प्यावर मतदान नसतं. सरकारचं एकूण धोरण, कर, तूट, कोणत्या खात्याकडे दुर्लक्ष झालं, अशा व्यापक गोष्टी इथे बोलल्या जातात. एखाद्या गावाजवळच्या वळणाचा मुद्दा इथे मांडला तर तो वाहून जातो, कारण उत्तर अर्थमंत्री देतात आणि ते शेकडो मुद्द्यांमधून निवडकच घेतात.

मग अधिवेशनाला सुट्टी मिळते आणि खरं बारकाईचं काम सुरू होतं. प्रत्येक मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या विभागांशी संलग्न स्थायी समित्यांकडे जातात. अशा २४ समित्या आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य असतात: २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. रस्ते खातं परिवहन, पर्यटन आणि संस्कृती या समितीकडे येतं. बैठक बंद दाराआड होते, कॅमेरे नसतात, मंत्रालयाचे सचिव समोर बसलेले असतात आणि सदस्य पक्ष बाजूला ठेवून प्रश्न विचारू शकतात. गेल्या वर्षी मिळालेल्या पैशांपैकी किती खर्चच झाले नाहीत, हे इथे अधिकाऱ्यांच्या तोंडून निघतं. आपला खासदार या समितीवर असेल, तर त्याचं निम्मं काम टीव्हीवर कधीच दिसणार नाही.

सुट्टी संपली की लोकसभेत मागण्यांवर चर्चा आणि मतदान होतं. पन्नासहून अधिक मंत्रालयं, पण वेळ काही दिवसांचाच. म्हणून कामकाज सल्लागार समिती मोजकी मंत्रालयं चर्चेसाठी निवडते. उरलेल्या सगळ्या मागण्या शेवटच्या दिवशी ठरलेल्या वेळी चर्चेविना एकत्र मताला टाकल्या जातात; यालाच गिलोटीन म्हणतात. रस्ते मंत्रालय दरवर्षी चर्चेला येईलच असं नाही. २०१८ आणि २०२३ मध्ये तर गदारोळात सगळ्याच मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविना मंजूर झाल्या. त्या दोन वर्षी मागण्यांच्या चर्चेत रस्ते सुरक्षेवर बोलण्याची संधी लोकसभेतल्या एकाही सदस्याला मिळाली नाही. गदारोळ कोणी केला हा राजकीय वाद वेगळा, पण तोटा सगळ्यांचाच झाला.

मागण्यांनंतर विनियोजन विधेयक, म्हणजे मंजूर झालेला पैसा सरकारी तिजोरीतून काढण्याची परवानगी, येतं. त्यात रक्कम किंवा तिचा उद्देश बदलणारी दुरुस्ती सुचवता येत नाही. शेवटी वित्त विधेयक, म्हणजे करांचा भाग. त्याचा रस्त्यांशी थेट संबंध आहे, कारण पेट्रोल-डिझेलवरच्या रस्ते आणि पायाभूत सुविधा उपकराचा पैसा केंद्रीय रस्ते आणि पायाभूत सुविधा निधीकडे वळवला जातो. हा निधी २००० च्या कायद्याने उभा राहिला आणि २०१८ मध्ये त्याची व्याप्ती वाढवून रस्त्यांबाहेरच्या पायाभूत सुविधाही त्यात घेतल्या गेल्या. वाहनचालकाने लिटरमागे भरलेल्या उपकरातला किती हिस्सा रस्त्यांवर आला, हा प्रश्न वित्त विधेयकावर विचारणं चपखल बसतं.

राज्यसभेतल्या खासदाराला मागण्यांवर मत नाही. विनियोजन आणि वित्त विधेयक राज्यसभेला १४ दिवसांच्या आत परत करावं लागतं आणि तिच्या शिफारशी मानण्याचं बंधन लोकसभेवर नसतं. मात्र समिती, प्रश्न आणि काही मंत्रालयांच्या कामकाजावरची चर्चा ही दारं राज्यसभेलाही तितकीच उघडी आहेत.

आकडे वाचताना होणारी मोठी चूक

२०२३-२४ च्या अंदाजपत्रकात रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालयाला सुमारे २ लाख ७० हजार कोटी रुपये मिळाले. त्यातले साधारण १ लाख ६२ हजार कोटी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाला आणि १ लाख ७ हजार कोटी रस्ते आणि पूल या शीर्षाखाली. ‘रस्ते वाहतूक आणि सुरक्षा’ या ओळीत उरले सुमारे ३३० कोटी. म्हणजे शंभर रुपयांत बारा पैसे.

हा आकडा भाषणात टाळ्या मिळवतो, पण मंत्र्याला उत्तर देणंही सोपं करतो. अपघातप्रवण जागांची दुरुस्ती, क्रॅश बॅरियर, भुयारी मार्ग, सर्व्हिस रोड हा सगळा खर्च बांधकामाच्या शीर्षातच होतो, त्यामुळे सुरक्षेवरचा खरा खर्च कितीतरी जास्त आहे, असं मंत्री म्हणतात आणि ते चूकही नसतं. खरी अडचण अशी, की तो ‘कितीतरी जास्त’ आकडा वेगळा दाखवलेलाच नसतो. म्हणून ३३० कोटी कमी आहेत अशी ओरड करण्यापेक्षा बांधकामाच्या शीर्षातून फक्त सुरक्षा सुधारणांवर गेल्या तीन वर्षांत राज्यवार किती खर्च झाला, हे विचारणं जास्त नेमकं. हे आकडे वेगळे काढलेलेच नाहीत असं उत्तर आलं, तर ती कबुलीच मोठी मिळकत असते, कारण पुढे ते वेगळे काढण्याची शिफारस समिती करू शकते.

अंदाजपत्रकात शेजारी शेजारी चार रकाने असतात: दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. बहुतेक भाषणं फक्त शेवटच्या रकान्यावर होतात. गोष्ट मात्र पहिल्या तीन रकान्यांत दडलेली असते. मूळ अंदाजापेक्षा सुधारित अंदाज निम्म्यावर आला असेल, तर पैसा होता पण काम झालं नाही असा त्याचा अर्थ. कारणं नेहमीचीच असतात: भूसंपादन रखडलं, निविदेला प्रतिसाद आला नाही, राज्याने खर्चाचे हिशेब वेळेत पाठवले नाहीत. सुरक्षेच्या छोट्या कामांत आणखी एक कारण आढळतं. पाच-पन्नास लाखांच्या कामासाठी स्वतंत्र निविदा काढण्याऐवजी ते मोठ्या रुंदीकरणाच्या प्रकल्पात ढकललं जातं. मग तो प्रकल्प तीन वर्षं अडला की दुभाजकातली धोकादायक फटही तीन वर्षं तशीच राहते.

कपात सूचना

मागणीवर बोलताना खासदार कपात सूचना देऊ शकतो. तिचे तीन प्रकार आहेत. मागणीची रक्कम एक रुपयावर आणावी, ही धोरणालाच नापसंती. ठरावीक रक्कम कमी करावी, ही काटकसरीची सूचना. आणि मागणी शंभर रुपयांनी कमी करावी, ही लाक्षणिक सूचना. रस्ते सुरक्षेला उपयोगी पडते ती तिसरी. शंभर रुपयांना कोणीच विचारत नाही. सूचनेसोबत लिहिलेली तक्रार महत्त्वाची. सूचना एकाच विशिष्ट बाबीपुरती असावी लागते. ‘महामार्गांवरील वाढते अपघात’ एवढं लिहून भागत नाही. अमुक महामार्गावर अमुक दोन गावांदरम्यान सर्व्हिस रोड पूर्ण करण्यात आलेलं अपयश, असं लिहिलं तर ते कामकाजात छापलं जातं आणि खात्याला त्यावर टिपण तयार ठेवावं लागतं.

कपात सूचना मंजूर होण्याची अपेक्षा कोणी ठेवत नाही. ती मंजूर झाली तर सरकारने विश्वास गमावला असा अर्थ निघतो, म्हणून सत्ताधारी पक्ष व्हिप, म्हणजे पक्षाच्या बाजूने मत देण्याचा आदेश, काढतो. व्हिप मोडला तर राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याने, सदस्यत्व जाऊ शकतं. त्यामुळे सत्ताधारी बाकांवरचा खासदार सहसा कपात सूचना देत नाही. त्याच्यासाठी प्रश्न, नियम ३७७ (त्याखाली लोकसभेत एखादा मुद्दा मांडता येतो) आणि समिती हे मार्ग सोयीचे.

रस्ता कोणाचा, हे आधी ठरवा

संसदेत रस्त्यांविषयी विचारलेले कितीतरी प्रश्न एकाच वाक्यात संपतात: ‘हा विषय राज्य सरकारच्या अखत्यारीत येतो.’ हे टाळायचं असेल तर केंद्र आणि राज्य यांच्यात विषय वाटून देणारी राज्यघटनेची सातवी अनुसूची माहीत हवी. राष्ट्रीय महामार्ग संघ सूचीत आहेत. बाकीचे रस्ते राज्य सूचीत. पोलीस आणि सार्वजनिक आरोग्य हेही राज्याकडे. मोटार वाहनं मात्र समवर्ती, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या सूचीत, म्हणून हेल्मेट, परवाना, वाहनाची बांधणी, दंड यांवर संसद कायदा करते आणि अंमलबजावणी राज्याचे पोलीस आणि परिवहन विभाग करतात.

महाराष्ट्रात हा घोळ रोज होतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग हे दोन्ही महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाचे, म्हणजे राज्याचे प्रकल्प. जुलै २०२३ मध्ये सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर बस पेटून २५ जणांचा जीव गेला. त्या रस्त्याच्या आखणीबद्दल केंद्रीय रस्ते मंत्र्यांना विचारून फारसं हाती लागत नाही. ते काम विधानसभेतल्या लक्षवेधी सूचनेचं. पण त्याच अपघातातून बसच्या आपत्कालीन दारांचे निकष, आग प्रतिबंधक यंत्रणा, बसबांधणीची तपासणी हे प्रश्न निघतात आणि ते थेट केंद्राच्या मोटार वाहन नियमांत बसतात. एकाच घटनेचे दोन तुकडे करून दोन सभागृहांत न्यावे लागतात.

मुंबई-गोवा महामार्ग त्याहून गुंतागुंतीचा. रस्ता राष्ट्रीय, क्रमांक ६६. पनवेल ते इंदापूर हा टप्पा महामार्ग प्राधिकरणाकडे, तर त्यापुढचा कोकणातला मोठा भाग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागातल्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. पैसा केंद्राचा, काम राज्याच्या अभियंत्यांचं. इथे प्रश्न विचारताना टप्प्याचं नाव आणि अंमलबजावणी करणारी यंत्रणा दोन्ही लिहिली नाहीत, तर एका टप्प्याची प्रगती सांगून दुसऱ्या टप्प्याबद्दल मौन पाळलेलं उत्तर येतं.

प्रश्न कसा विचारावा

लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत येतात. तारांकित प्रश्नाला मंत्री उभं राहून उत्तर देतो आणि सदस्याला उपप्रश्न विचारता येतात. अतारांकितला फक्त लेखी उत्तर. नोटीस किमान १५ दिवस आधी द्यावी लागते आणि कोणाचा प्रश्न लागणार हे सोडतीवर ठरतं. म्हणून हुशार सदस्य तारांकितच्या मागे न लागता अतारांकित प्रश्नांतून आकडे गोळा करत राहतो आणि सोडत लागली की जमा केलेल्या आकड्यांवर उपप्रश्न बांधतो.

‘महाराष्ट्रात रस्ते अपघात वाढत आहेत हे खरे आहे काय, असल्यास सरकार काय उपाययोजना करत आहे?’ असा प्रश्न विचारला की ठरलेलं उत्तर येतं. शिक्षण, अभियांत्रिकी, अंमलबजावणी आणि आपत्कालीन सेवा या चार सूत्रांवर दोन पानी मजकूर, जो प्रत्येक अधिवेशनात जवळपास तसाच असतो. त्यातून काहीच कळत नाही.

उपयोगी प्रश्न असा असतो: राष्ट्रीय महामार्ग ४८ च्या पुणे जिल्ह्यातील भागात किती अपघातप्रवण जागा निश्चित झाल्या, प्रत्येकीचा चेनेज (रस्त्यावरचा नेमका किलोमीटर) काय, कोणत्या जागेवर तात्पुरते आणि कोणत्या जागेवर कायमस्वरूपी उपाय पूर्ण झाले, पूर्ण झाल्याची तारीख काय, आणि उपायांनंतर त्या जागी किती मृत्यू झाले? शेवटचा भाग सगळ्यात मोलाचा. जागा दुरुस्त केली म्हणून यादीतून काढली जाते, पण मरणं थांबली का हे बहुतेक वेळा कोणी विचारत नाही.

अपघातप्रवण जागेची व्याख्या नीट माहीत असावी. राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात गेल्या तीन कॅलेंडर वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले असतील किंवा एकूण दहा मृत्यू झाले असतील, तर ती जागा ब्लॅक स्पॉट ठरते. तात्पुरते उपाय म्हणजे पट्टे मारणं, फलक, कॅट आय, रंबल स्ट्रिप, बेकायदा फोडलेला दुभाजक बंद करणं. कायमस्वरूपी म्हणजे भुयारी मार्ग, पादचारी पूल, चौकाची फेररचना, उतार आणि वळण बदलणं. उत्तरात ‘उपाययोजना पूर्ण’ असं मोघम लिहिलं असेल, तर बहुधा पट्टेच मारलेले असतात. या व्याख्येतली उणीवही लक्षात घ्यायला हवी: माणसं मेल्याशिवाय किंवा गंभीर जखमी झाल्याशिवाय जागा यादीत येत नाही. रस्ता सुरक्षा तपासणी, म्हणजे आराखडा, बांधकाम आणि रस्ता खुला करण्यापूर्वी अशा टप्प्यांवर स्वतंत्र तज्ज्ञांकडून होणारी पाहणी, हा आधीच धोका शोधण्याचा मार्ग आहे. तपासणीत किती त्रुटी सापडल्या आणि त्यांतल्या किती दूर केल्या, हे विचारणारे प्रश्न अजून फार कमी दिसतात.

पुण्याच्या नवले पुलाजवळचा उतार याचं ठळक उदाहरण. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की लांब, तीव्र उतार. जड वाहनांचे चालक इंधन वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात, सतत दाबल्याने ब्रेक तापून निकामी होतात आणि खाली शहराची स्थानिक वाहतूक त्याच मार्गात मिसळते. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एकाच अपघातात ४८ वाहनांचं नुकसान झालं. पोलिसांच्या नोंदीत याचं कारण चालकाची चूक असंच लागतं. पण उतार, त्याच्या पायथ्याशी होणारी सरमिसळ आणि सर्व्हिस रोडची सलगता हे अभियंत्याचे प्रश्न आहेत.

हाच सापळा देशाच्या आकड्यांतही आहे. मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यात टाकलेले आहेत. ही पोलिसांच्या जागेवरच्या पंचनाम्यातून आलेली वर्गवारी आहे. चुकीचा उतार, नसलेला दिवा, अर्धवट सोडलेला कठडा यांना त्यात जागा मिळत नाही. सभागृहात ‘७१ टक्के मृत्यू वेगामुळे’ असं सांगणारा सदस्य नकळत रस्ता बांधणाऱ्याला मोकळा सोडतो. त्याच अहवालातला दुसरा आकडा जास्त बोलका आहे: देशातल्या रस्त्यांच्या एकूण लांबीत राष्ट्रीय महामार्ग दोन टक्क्यांच्या आसपास आहेत, आणि मृत्यूंत त्यांचा वाटा ३६ टक्के. जे रस्ते संसदेच्या थेट अखत्यारीत येतात, तिथेच एवढा भार आहे. मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीस्वार होते आणि जवळपास २० टक्के पायी चालणारे. चर्चा मात्र मोटारींच्या द्रुतगती मार्गांभोवती फिरते.

प्रश्नोत्तराच्या तासाची ताकद डिसेंबर २०२४ मध्ये दिसली. अपघात आणि मृत्यू ५० टक्क्यांनी कमी करण्याचं उद्दिष्ट साध्य झालं नाही, उलट अपघात वाढले, असं मंत्री नितीन गडकरी यांनी लोकसभेत स्वतः मान्य केलं. सभागृहात दिलेली अशी कबुली पुढच्या प्रत्येक प्रश्नाचा, प्रत्येक समिती अहवालाचा आधार होते.

कायदा झाल्यानंतरचं काम

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातली मोठी दुरुस्ती २०१७ मध्ये लोकसभेत मंजूर झाली, राज्यसभेत अडकली आणि लोकसभेची मुदत संपताच बाद झाली. २०१९ मध्ये ती नव्याने आणून दोन्ही सभागृहांत मंजूर झाली आणि बरीच कलमं १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाली. लोकांच्या लक्षात राहिला तो वाढलेला दंड. विनाहेल्मेट १,००० रुपये, मद्यपान करून गाडी चालवल्यास पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत. पण त्या दुरुस्तीत कलम १९८अ आहे, ज्यात रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल निकषांप्रमाणे न केल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर कंत्राटदार, सल्लागार किंवा जबाबदार यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शेकडो कोटींच्या कंत्राटापुढे एक लाख म्हणजे काहीच नाही, आणि तेवढाही दंड किती जणांना झाला हे विचारलं पाहिजे. कलम १३४अ जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. कलम १३६अ महामार्गांवर कॅमेऱ्यांनी देखरेख सांगतं.

अपघातानंतरच्या पहिल्या मोलाच्या तासात रोखविरहित उपचार मिळावेत, ही कलम १६२ ची तरतूद याच दुरुस्तीतली. ती प्रत्यक्ष योजना म्हणून देशभर अधिसूचित झाली मे २०२५ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुदत घालून दिल्यानंतर. योजनेत प्रत्येक जखमीला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार, अपघातापासून सात दिवसांपर्यंत. कायदा मंजूर होऊन योजना यायला पावणेसहा वर्षं लागली. या काळात ‘कलम १६२ खालची योजना कधी?’ हा प्रश्न दर अधिवेशनात विचारत राहणं हे खासदाराचं काम होतं. आता काम वेगळं आहे: जिल्ह्यातली किती रुग्णालयं योजनेत आली, किती दाव्यांचे पैसे मिळाले, किती नाकारले गेले.

बाकीची आयुधं थोडक्यात

शून्य प्रहर ताज्या घटनेसाठी. दोन-तीन मिनिटं मिळतात आणि मंत्र्यावर तिथल्या तिथे उत्तर देण्याचं बंधन नसतं. लोकसभेतला नियम ३७७ तुलनेने शांत पण उपयोगी आहे, कारण त्यावर मंत्रालयाचं लेखी उत्तर अपेक्षित असतं. अशासकीय विधेयकाकडून, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेल्या विधेयकाकडून, कायद्याची आशा धरू नये. आजवर अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली आणि शेवटचं १९७० मध्ये. पण विधेयकावर चर्चा झाली तर सरकारला भूमिका मांडावी लागते.

भाषणाच्या वेळाचं गणित कठोर आहे. वेळ पक्षाच्या संख्याबळावर वाटला जातो आणि छोट्या पक्षाच्या सदस्याला अनेकदा तीन-चार मिनिटंच मिळतात. त्यात चार महामार्ग, दोन टोलनाके आणि एक शेर बसत नाही. एक पट्टा, त्याचा चेनेज, तिथले मृत्यू, मागच्या उत्तराचा क्रमांक आणि तारीख, आणि एक मागणी, एवढंच बसतं. वेळ संपली तर अध्यक्षांच्या परवानगीने लेखी भाषण पटलावर ठेवता येतं. सभागृहात कंत्राटदाराचं नाव घेऊन आरोप करायचा असेल, तर अध्यक्षांना आणि मंत्र्यांना आधी सूचना द्यावी लागते. तशी दिली नसेल तर ती वाक्यं कामकाजातून काढून टाकली जाऊ शकतात आणि मग नोंदीत काहीच उरत नाही.

उत्तर मिळाल्यानंतर

‘माहिती गोळा केली जात आहे’ किंवा ‘प्रकरण विचाराधीन आहे’ अशी उत्तरं निराशाजनक वाटतात. प्रत्यक्षात ती कामाची असतात, कारण अशी ठरावीक वाक्यं आश्वासन म्हणून नोंदली जातात. सरकारला ती तीन महिन्यांत पूर्ण करावी लागतात, नाहीतर मुदतवाढ मागावी लागते, आणि सरकारी आश्वासनांविषयीची समिती त्यांच्यावर लक्ष ठेवते. उत्तर आल्यावर ते आश्वासन म्हणून धरलं गेलं का, हे खासदाराच्या कार्यालयाने तपासायला हवं. बरीच कार्यालयं हे करत नाहीत आणि तिथेच धागा तुटतो.

स्थायी समितीच्या शिफारशींचंही असंच. मंत्रालयाला साधारण तीन महिन्यांत कार्यवाहीचं टिपण द्यावं लागतं आणि समिती पुढे कार्यवाही अहवाल मांडते. त्यात स्वीकारलेल्या शिफारशी, समितीने ज्यांचा आग्रह सोडला त्या, ज्यांवरचं उत्तर समितीला पटलं नाही त्या, आणि अंतिम उत्तर न आलेल्या, असे वेगळे भाग असतात. पुढच्या वर्षीच्या चर्चेचा कच्चा माल तिसऱ्या आणि चौथ्या भागात तयार असतो.

दिल्लीबाहेरही एक व्यासपीठ आहे. केंद्राच्या अधिसूचनेने जिल्ह्यांत संसद सदस्य रस्ता सुरक्षा समिती नेमली आहे आणि तिचं अध्यक्षपद लोकसभेच्या खासदाराकडे असतं. जिल्हाधिकारी, पोलीस, परिवहन, बांधकाम विभाग, महामार्गाचे अधिकारी एकाच टेबलावर येतात. संसदेतल्या प्रश्नासाठी लागणारे चेनेज, मृत्यूंचे आकडे, अडलेल्या परवानग्या इथेच मिळतात. मात्र बैठक झालीच नाही तर सगळं कागदावर राहतं, म्हणून मतदाराने आपल्या खासदाराला आधी शेवटच्या बैठकीची तारीख आणि इतिवृत्त मागावं. खासदार निधीवर मोठी भिस्त ठेवू नये. तो वर्षाला ५ कोटी, संपूर्ण मतदारसंघासाठी, आणि त्यातही खासदार फक्त काम सुचवतो, मंजुरी जिल्हा प्रशासन देतं. महामार्गावरचा एक उड्डाणपूल याच्या कितीतरी पटीत जातो.

आपल्या खासदाराची नोंद कशी तपासावी

संसदेच्या संकेतस्थळावर सदस्याच्या नावाने प्रश्न आणि चर्चा शोधता येतात. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था हजेरी, चर्चा आणि प्रश्नांची संख्या देते. मंत्री प्रश्न विचारत नाहीत आणि हजेरीपटावर सही करत नाहीत, तेव्हा मंत्र्यांच्या नावासमोरचं शून्य आळस दाखवत नाही. संख्येवर फार विसंबू नये. एकसारखे मोघम पाचशे प्रश्न विचारता येतात. त्याऐवजी आपल्या भागातला एक महामार्ग निवडावा, त्याच्या नावाने प्रश्न शोधावेत, उत्तरात दिलेली तारीख लिहून घ्यावी आणि ती उलटल्यावर त्याच खासदाराने पुन्हा विचारलं का ते पाहावं.

नसेल विचारलं, तर त्या उत्तराचा प्रश्न क्रमांक आणि दिनांक देऊन महामार्ग प्राधिकरणाच्या संबंधित प्रकल्प अंमलबजावणी कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात एवढंच मागावं: संसदेत सांगितलेल्या कामाचा कार्यादेश, काम सुरू आणि पूर्ण झाल्याच्या तारखा, आणि झालेला खर्च. उत्तर आलं की त्याची प्रत खासदाराच्या कार्यालयात पोच घेऊन द्यावी, आणि ती पुढच्या अधिवेशनाच्या महिनाभर आधी द्यावी, कारण प्रश्नाच्या नोटिशीला १५ दिवस लागतात.